जे येईल ते नावे

‘अहो, सगळं फोनवर मिळतं की! पुस्तकं आणि रेकॉर्डी विकत कसल्या आणता?’ हा प्रश्न मला आजवर शेजाऱ्यांनी, साडूंनी, बँकेतल्या सहकाऱ्यांनी आणि एकदा तर रद्दीवाल्यानेही विचारला आहे. रद्दीवाल्याचे सोडून द्या. त्याचा धंदाच अशा खरेदीवर चालतो. तो आपल्याच पायावर धोंडा मारून घेत होता. बाकीच्यांना मात्र आता लेखी उत्तर देणे भाग आहे.

मी बी.कॉम. आहे. बुककीपिंगच्या सरांनी एक नियम आमच्याकडून रामरक्षेसारखा घोटून घेतला होता. वास्तव खाते : जे येईल ते नावे, जे जाईल ते जमा. पुस्तक घेतले की वस्तू घरात येते, पैसा बाहेर जातो, दोन्ही बाजू जुळतात. आता दरमहा पैसे भरून फोनवर गाणी ऐकणाऱ्या आमच्या साडूंची वही उघडा. पैसे गेलेले दिसतात. आले काय? तर, कानांवरून वारे गेले! म्हणजे हे भाडे झाले, आणि भाडे बसते नामधारी खात्यात, खर्च आणि तोट्याच्या पंगतीला. दहा वर्षे भाडे भरून अकराव्या वर्षी हप्ता चुकला, तर साडूंच्या घरात बिस्मिल्ला खाँच्या सनईचा एक सूरही शिल्लक राहायचा नाही.

‘पण आम्ही पुस्तक फोनवर विकत घेतो,’ असे कोणी म्हणेल. घ्या. 2009 साली ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या काही प्रती गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, म्हणून. त्यांतले एक पुस्तक ‘1984’, म्हणजे ज्यात सरकार गैरसोयीचे कागद भोकात टाकून जाळते, तेच! 2019 साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही दुकानाबरोबर गेली. पैसे परत मिळाले, हे खरे. पण उद्या बँकेने रात्री तुमचा लॉकर उघडून आजीच्या पाटल्या काढून घेतल्या आणि सकाळी ‘रक्कम खात्यात जमा केली आहे’ असे कळविले, तर तुम्ही शाखेवर मोर्चा आणाल. आणावाच. पुस्तकाच्या बाबतीत मात्र याला ‘सोय’ म्हणायचे!

बरे, पाटल्यांना नॉमिनी तरी असतो. फोनवर ‘मला मान्य आहे’ असे दाबताना आपण जे वाचत नाही, त्यात बहुधा लिहिलेले असते की हा वापराचा परवाना आहे आणि तो दुसऱ्याला देता येणार नाही. माझे पुस्तक माझ्या मुलीला मिळेल. तिने ते रद्दीत घातले तरी चालेल. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर कोणाच्या तरी वडिलांची पुस्तके मला अशीच मिळाली आहेत, पहिल्या पानावर ‘चि. ताईस, परीक्षेतील यशाबद्दल’ अशा शाईतल्या ओळींसकट. फोनवरचे पुस्तक कुठल्या फूटपाथवर येणार?

आता ‘जागा कुठाय?’ हा अर्धांगिनी-पक्षाचा आक्षेप. ज्या घरात कधीही न वापरायच्या कपबश्यांना काचेचे शोकेस मिळते, तिथे चाळीस पुस्तकांना आणि वीस रेकॉर्डींना फळी मिळू नये? आणि ‘सगळी वाचून झाली का?’ असे विचारणाऱ्यांनी आपली मुदतठेव कधी मोडून खाल्ली, ते आधी सांगावे. ठेव असते, एवढ्यानेच माणसाला झोप लागते.

फोनला माझा विरोध नाही. ज्या गावात पुस्तकाचे दुकान एसटीने दोन तासांवर आहे, तिथे फोन हा देवमाणूसच. नवे गाणे चाखून बघायलाही तो उत्तम. पण चाखणे म्हणजे जेवण नव्हे. शिवाय फोन तुम्हाला काल आवडले तेच आज वाढतो. दुकानात माणूस शब्दकोश आणायला जातो आणि मल्लिकार्जुन मन्सूरांची रेकॉर्ड घेऊन येतो. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये एके काळी रेकॉर्ड आधी ऐकून बघायला काचेच्या खोल्या होत्या. फोर्टातल्या स्ट्रँडचे शानभाग 1948 पासून सवलतीने पुस्तके विकत आले. ऱ्हिदम हाऊस 2016 साली बंद झाले, स्ट्रँड 2018 साली. तेव्हा हळहळणाऱ्यांचे संदेश मला ढिगाने आले, सगळे फोनवर. त्यांतल्या किती जणांनी आदल्या वर्षी तिथून एक तरी पुस्तक किंवा रेकॉर्ड घेतली होती? दुकान हळहळीवर चालत नाही. त्याला भाडे, पगार आणि विजेचे बिल असते, आणि ते गल्ल्यातूनच भरावे लागते.

तेव्हा जी दुकाने उरली आहेत, तिथे जा. 2017 साली जीएसटी आला, तेव्हाही छापील पुस्तकांवर कर शून्य राहिला. सरकारने जिथे हात आखडता घेतला, तिथे आपण खिशात हात घालायला काय हरकत आहे? दुसऱ्या शनिवारी पिशवी घेऊन निघा. त्या दिवशी बँका बंद असतात, त्यामुळे ‘बँकेत काम आहे’ ही सबब चालणार नाही.