हवेतला ऑक्सिजन आणि विहिरीतला

वृक्षारोपणाचा कार्यक्रम म्हटला की एक वाक्य ठरलेलं. "हवेतला ऑक्सिजन दिवसेंदिवस कमी होत चाललाय, म्हणून तर रोगराई वाढलीय." प्रमुख पाहुणे ते बोलतात, आपण टाळ्या वाजवतो, खड्ड्यात रोप उभं करून फोटो काढतो आणि कॅन्टीनकडे वळतो. मोबाइलवर फिरणारे मेसेज तर त्याच्याही पुढे! पूर्वी म्हणे हवेत ३८ टक्के ऑक्सिजन होता, आता १९ वर आलाय, आणि कॅन्सरपासून केस गळण्यापर्यंत सगळं त्याच्यामुळेच.

मित्रांनो, बाकीच्यांचं सोडा, पण आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी आकडा विचारायला नको का?

आकडा असा आहे. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के. तो कमी होतोय हे खोटं नाही. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेचे राल्फ कीलिंग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ते मोजत आलेत. कोळसा आणि पेट्रोल जाळायला ऑक्सिजन लागतो, तो कुठून तरी येणारच. पण घट किती? हवेच्या दहा लाख रेणूंमागे वर्षाला साधारण चार रेणू. या वेगानं शंभर वर्षांनी २०.९५ चे होतील २०.९१. एवढाच फरक आज अनुभवायचा असेल तर हॉस्टेलच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावर जाऊन उभं राहा. झालं!

कारण शरीराला टक्केवारीशी देणंघेणं नसतं, त्याला ऑक्सिजनचा दाब लागतो. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याच्या १५९ मिलिमीटरच्या आसपास असतो. नगर शहर साडेसहाशे मीटरवर, तिथे होतो १४७. आपल्याच अकोले तालुक्यातलं कळसूबाई १६४६ मीटर, तिथे १३०. म्हणजे नगरहून कळसूबाईला गेलात तर दर श्वासातला ऑक्सिजन अकरा-बारा टक्क्यांनी घटला. मेसेजवाल्यांच्या हिशोबानं तिथे वर देवीच्या दर्शनाला गेलेला माणूस परत यायलाच नको. प्रत्यक्षात नवरात्रात नऊवारीतल्या आज्या लोखंडी शिड्या चढून वर जातात आणि आपल्याला "दमलास व्हय रं?" असं विचारून पुढे निघतात.

यामागे हिमोग्लोबिनची करामत आहे. फुफ्फुसातला ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० पर्यंत उतरला तरी रक्त जवळजवळ ९० टक्के भरलेलंच राहतं. निसर्गानं फॅक्टर ऑफ सेफ्टी बराच मोठा धरलाय म्हणा ना. तो संपायला लागतो अडीच हजार मीटरच्या पुढे. लेहला विमानानं उतरलेल्याला पहिले दोन दिवस पडून राहायला सांगतात ते उगाच नाही, तिथे दाब १०३ च्या घरात असतो. पेरूच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या काही लोकांचं रक्त इतकं घट्ट होतं की त्या आजाराला मोंगे या डॉक्टरांचं नाव दिलंय. पेशीला ऑक्सिजन कमी पडलेला कसा कळतो, हे शोधणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. तेव्हा ऑक्सिजनचा आणि आजाराचा संबंध नाही असं कोणी म्हणू नये. संबंध आहे, पण तो आपल्या उघड्या रानातल्या हवेत नाही.

२०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी जी धावाधाव आपण पाहिली, तेव्हाही दवाखान्याच्या खिडकीबाहेर एकवीस टक्केच ऑक्सिजन होता. निकामी झाली होती ती फुफ्फुसं. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, पाइपमधला दाब गेला आणि वीसहून जास्त रुग्ण दगावले. त्यात हवेचा काय दोष? पाइप, व्हॉल्व्ह आणि देखभाल, म्हणजे आपल्याच सिलॅबसमधल्या गोष्टी.

आता मुद्द्यावर येतो. श्वासाच्या हवेत ऑक्सिजन नाही म्हणून आपल्या जिल्ह्यात माणसं मेली आहेत, अगदी अलीकडे. फक्त ती उघड्यावर नव्हती. नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव, ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. शेणाच्या स्लरीसाठी वापरात असलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला, तो वर येईना. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा... असे सहा जण. पाच गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर होता.

पेपरात दोन दिवस बातमी आली, "मांजरापायी पाच जीव" असं लोक हळहळले आणि विषय संपला. मला वाटतं मांजराला उगाच बदनाम केलं. मांजराच्या जागी बादली असती, मोटारीचा फूटव्हॉल्व्ह असता, तरी तेच झालं असतं.

शेण कुजतं तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, सोबत थोडा हायड्रोजन सल्फाइड. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तो तळाशी बसतो. विहिरीला वारा लागत नाही. स्लरीत गॅस अडकून असतो, कोणी पाय टाकला, ढवळलं, की सोड्याच्या बाटलीसारखा उसळतो. सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून हायसं वाटावं तर तीच खरी धोक्याची वेळ!

आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की अशी हवा श्वासात घेणं हे श्वास रोखण्यापेक्षा घातक असतं. श्वास रोखून तुम्ही-आम्ही मिनिटभर सहज काढतो. पण ऑक्सिजनच नसलेली हवा छातीत घेतली की रक्तातला ऑक्सिजन उलटा फुफ्फुसात येतो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर जातो. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. ओरडायलासुद्धा वेळ मिळत नाही. वरच्याला वाटतं पाय घसरला असेल, म्हणून तो उतरतो. अमेरिकेच्या निऑश संस्थेनं १९८६ सालीच लिहून ठेवलंय की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत साठ टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. वाकडीत तेच झालं.

जुनी माणसं विहिरीत आधी कंदील सोडायची. विझला तर उतरायचं नाही. ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर आला की ज्योत विझते, त्यामुळे साध्या विहिरीत ही युक्ती बरी होती. पण शेणाच्या खड्ड्यात कंदील सोडणं म्हणजे मिथेनला काडी लावणं. शिवाय सल्फाइड त्याला कळत नाही.

गटारं आणि सेप्टिक टँकसाठी २०१३ चा कायदा आहे, तो पाळला जातो का हा वेगळा विषय. शेतातल्या खड्ड्यापाशी विचारायला कोण येणार? मग हे काम आपलं का नसावं? "ग्रामपंचायत बघेल" हे उत्तर मला पटत नाही. ग्रामपंचायतीला १९.५ टक्क्यांचा अलार्म म्हणजे काय हे कोणी सांगितलंय? चार गॅस मोजणारा मीटर एका चांगल्या मोबाइलच्या किमतीत येतो. त्यातला ऑक्सिजनचा सेन्सर म्हणजे एक छोटा सेलच, जेवढा ऑक्सिजन तेवढा करंट. फायनल इयरला आपण प्रोजेक्ट विकत आणतो (कोण कुठून आणतं ते सगळ्यांना माहीत आहे, असो), त्याऐवजी हा मीटर दोरीला बांधून खाली सोडता येईल असा डबा केला तर? वर आकडा दिसेल, भोंगा वाजेल. सोबत एक ब्लोअर, तिवई, कप्पी आणि कमरेचा पट्टा. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले एकत्र बसले तर एका सेमिस्टरचं काम. यंदाचा एन.एस.एस. कॅम्प ज्या गावात असेल तिथे रोपं जरूर लावू, सावली, पाणी, मातीसाठी लावू. पण एका दुपारी गोठ्यामागचे खड्डे आणि पडक्या विहिरीही मोजू.

एकच अडचण दिसते. हा सेन्सर दोन-एक वर्षांत संपतो, मीटर नुसता कपाटात ठेवला तरीही. तेव्हा बदलीचा सेन्सर कोणाच्या खर्चातून आणायचा, कॉलेजच्या की गावाच्या, हे कॅम्पला निघायच्या आधी सरांकडून लिहून घ्यावं लागेल.