पिशवीतली फाइल

पहाटेच्या लोकलने डोंबिवलीहून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांकडे निघालेले मूत्रपिंडाचे रुग्ण मला आता पिशवीवरून ओळखू येतात. प्लास्टिकची पिशवी, तीत फुगलेली फाइल, आणि गर्दीत ती चुरगळू नये म्हणून छातीशी धरलेली. माझा धाकटा भाऊ बारा वर्षे अशीच पिशवी सांभाळत होता. कॉलेजात असताना त्याच्या लघवीला फेस येऊ लागला, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसू लागली. बायॉप्सी झाली आणि आजाराचे नाव कळले : आयजीए नेफ्रोपॅथी. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी त्या पहिल्या बायॉप्सीच्या काचा मागितल्या, तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘इतके जुने रेकॉर्ड आम्ही ठेवत नाही.’’

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे हे गुच्छ, म्हणजेच ग्लोमेरुलस, दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यांना सूज आली की प्रथिने आणि रक्त लघवीवाटे जाऊ लागते. दुखत मात्र काहीच नाही. आजार वर्षानुवर्षे मुकाट्याने पुढे सरकतो, म्हणून त्याचा अभ्यासही वर्षानुवर्षेच करावा लागतो.

माझ्या भावाच्या आजाराचीच गोष्ट घ्या. पॅरिसच्या डॉ. बर्जे यांनी १९६८ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा तो बऱ्यापैकी सौम्य समजला गेला. तो तसा नाही, हे रुग्णांचा पुढे कित्येक वर्षे मागोवा घेतल्यावरच उमगले. ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदवहीतील सुमारे अडीच हजार रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली होती किंवा त्यांचा मृत्यू झाला होता. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने असाच एक रुग्णगट बांधून त्याचा मागोवा घेतला आहे. परदेशातले आकडे आपल्या माणसांना जसेच्या तसे लावून चालत नाहीत, हे अशाच कामातून कळते.

नोंदी जुळवल्या की कारणेही सापडतात. केरळमधील कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातले मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे २२ रुग्ण एकत्र तपासले. त्यांपैकी १५ जणांत एकच विशिष्ट प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीम लावत होते. संशय पाऱ्यावर गेला. अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींच्या आजाराचे मूळही मुंबईच्या के.ई.एम.मध्ये अशाच क्रीमपर्यंत पोचले होते. सुटा रुग्ण पाहिला असता तर ‘नशीब’ म्हणून फाइल बंद झाली असती.

आमच्या पट्ट्यात काय आहे? कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय, कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर रुग्णालय, शिवाय गल्लोगल्ली खासगी दवाखाने. रुग्ण यांतून फिरतो आणि ठिकठिकाणी नवा केसपेपर निघतो. या सर्वांनी मिळून ग्लोमेरुलसच्या आजारांची एक सामाईक नोंदवही ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. बायॉप्सीचा निष्कर्ष, लघवीतील प्रथिने, रक्तदाब, क्रिएटिनिन, चालू औषधे एवढेच लिहावे, आणि तेही रुग्णाच्या संमतीने, नाव गुप्त राखून. दरवर्षी एक फोन करून चौकशी करावी. ‘आभा’ क्रमांक नुसता पाकिटात कशाला ठेवायचा?

कोणी म्हणेल, आधी डायलिसिसची यंत्रे वाढवा, संशोधनाचे लाड नंतर. यंत्रे हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण यंत्र लागते ते गाळणी फाटल्यावर. ती फाटण्याआधी कोणाला कोणते औषध द्यावे, कोणाची स्टेरॉइड्स थांबवावीत, हे नोंदीच सांगतात. वहीला लागतो एक कारकून, एक संगणक आणि वीस वर्षांची चिकाटी. यांतली तिसरी गोष्ट आपल्याकडे सर्वांत महाग आहे, हे मी जाणतो. आयुक्त बदलतात, डॉक्टर बदलतात, आणि वही कपाटात जाते. म्हणूनच ती एका माणसाच्या उत्साहावर न सोडता वैद्यकीय महाविद्यालयाच्या कायम जबाबदारीत घालावी.

माझा भाऊ आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. त्याची फाइल मी जपून ठेवली आहे. त्याला तिचा आता फारसा उपयोग नाही. पण आज कल्याणात एखाद्या आईला आपल्या मुलाच्या लघवीत फेस दिसला असेल, तर तिच्या डॉक्टरला तो असू शकेल. ती फाइल कुठे नेऊन द्यायची, एवढे मला कोणीतरी सांगावे.