मातीची गाडी आणि डिटेक्टिव्हाची मोटार

शूद्रकाने आपल्या नाटकास नायकाचे नाव दिले नाही, नायिकेचेही दिले नाही. एका खेळण्याचे दिले. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून हट्ट धरून बसतो, दासी रदनिका त्यास मातीची गाडी करून देते, आणि तो रडू लागला असता वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडीत भरते, ही कथा गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे मराठी घरांत परिचित आहे. परंतु त्या अलंकारांचे पुढे काय होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहते. ते परत करावयास निघालेल्या मैत्रेयाच्या काखेतून ते ऐन न्यायसभेत खाली पडतात, आणि वसंतसेनेच्या खुनाच्या खोट्या आरोपात चारुदत्ताविरुद्ध पुरावा होऊन बसतात. त्यापूर्वी सहाव्या अंकात वाहनांचा घोटाळा होतो व वसंतसेना भलत्याच गाडीत चढते. सारांश, वाहन, खेळणे, गुन्हा, आणि वरवर पाहिल्याने होणारी फसगत, ही चारही या एका नाटकात एकत्र आली आहेत.

हे स्मरण आम्हांस एका वाचक भगिनींच्या पत्रामुळे झाले. त्यांचा मुलगा बारावीत आहे. परदेशी दूरचित्रवाणीवरील डिटेक्टिव्ह मालिकांत ज्या मोटारी दिसतात, त्यांच्या लहान प्रतिकृती करण्याचा त्यास नाद आहे. वडिलांनी रागाच्या भरात सर्व साहित्य एका पेटीत घालून माळ्यावर टाकले. मुलगा उलट बोलला नाही; पण त्या दिवसापासून तो घरात कोणाशीच धड बोलत नाही. बाईंनी विचारले आहे की, हा पोरखेळ आहे की यात काही अर्थ आहे, आणि आपण कोणाची बाजू घ्यावी? आमच्या नातवासही हाच नाद असल्यामुळे या विषयाची थोडीबहुत माहिती आम्हांस झाली आहे. म्हणून बाजू घेण्याचा प्रश्न क्षणभर दूर ठेवून, हे काम आहे तरी काय, ते प्रथम पाहू.

प्रतिकृतीचा पाया प्रमाण हा होय. यात १:२४ हे प्रमाण फार चालते. एक फुटास अर्धा इंच, असा त्याचा साधा हिशेब. इंग्लंडमधील ‘इन्स्पेक्टर मोर्स’ या मालिकेतील जॅग्वार मार्क २ ही मोटार सुमारे ४.५९ मीटर लांब. ती या प्रमाणात सुमारे १९ सेंटिमीटर होते. लांबी चोविसावा हिस्सा झाली, तरी आकारमान मात्र १३,८२४वा हिस्सा होते, हे गणित मुलास पुस्तकातून जितके पटत नाही तितके हातात गाडी घेतल्यावर पटते. आणखी एक मौज पाहा. रंगाचा थर अवघा दशांश मिलिमीटर जाड बसला, तर त्या प्रमाणात तो खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यासारखा होतो. दारांच्या फटी बुजतात आणि गाडी साखरेच्या पाकात बुडविल्यासारखी दिसते. म्हणून अस्तर पातळ, रंग पातळ, दोन थरांमध्ये पुरेसा वेळ, आणि मध्ये ओल्या काचकागदाची हलकी घासणी. घाई केली की ती घाई गाडीवर कायमची उमटते. आमच्या मते, उतावळ्या वयातील मुलास हा धडा कोणत्याही सुभाषितापेक्षा लवकर पटतो.

परंतु हे झाले हातांचे काम. डोळ्यांचे काम याहून अवघड आहे, आणि डिटेक्टिव्हाच्या मोटारीचे वैशिष्ट्य तेथेच आहे. दुकानातील नव्या गाडीची प्रतिकृती करणे निराळे, आणि एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट गाडीची करणे निराळे. मोर्स यांची जॅग्वार म्हणजे तांबड्या अंगाची, काळ्या टपाची, २४८ आरपीए या पाटीची तीच एक जॅग्वार. ही मालिका १९८७ ते २००० या काळात ३३ भागांत दाखविली गेली. गंमत अशी की, कॉलिन डेक्स्टर यांच्या आरंभीच्या कादंबऱ्यांत मोर्स लॅन्सिया चालवीत असत. मालिकेने त्यांस जॅग्वार दिली, आणि ती लोकांच्या मनात इतकी ठसली की, पुढील आवृत्त्यांत खुद्द लेखकानेच लॅन्सिया काढून जॅग्वार घातली. नक्कल मुळावरून होते, असे आपण समजतो. येथे मूळच नकलेप्रमाणे सुधारले गेले!

कित्येक गाड्या आपल्या धन्याची ओळख बोलण्याआधीच करून देतात. अमेरिकेतील ‘स्टार्स्की अँड हच’ ही मालिका १९७५ ते १९७९ या काळात चालली. तीत लाल रंगावर पांढरा पट्टा ओढलेली फोर्ड ग्रॅन टोरिनो होती. तिला हच थट्टेने पट्टेदार टोमॅटो म्हणत असे. कॉर्गी या इंग्रज कंपनीने १९७७ मध्ये तिचे धातूचे खेळणे काढले, आणि ते मुलांच्या हाती घरोघर गेले. हवाई बेटांवरील ‘मॅग्नम, पी. आय.’ या १९८० ते १९८८ च्या मालिकेत नायक लाल फेरारी ३०८ फिरवितो. पण ती त्याची नव्हेच. पाटीवर ‘रॉबिन १’ अशी अक्षरे आहेत, कारण गाडी रॉबिन मास्टर्स या धनिकाची आहे आणि नायक त्याच्या बंगल्यावर राहणारा पाहुणा. ती पाटी ज्याने बारकाईने वाचली, त्यास नायकाची खरी सांपत्तिक स्थिती तत्काळ कळते.

आता दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवू, कारण आम्हांस जे सांगावयाचे आहे ते या जोडीत आहे.

पहिली ‘मायामी व्हाइस’ या मालिकेतील. ही मालिका १९८४ साली सुरू झाली. तिचा नायक एका काळ्या, उघड्या टपाच्या फेरारी डेटोना मोटारीतून फिरताना दिसे. गाडी अशी देखणी की, पाहणाऱ्याची नजर खिळून राहावी. वास्तविक ती फेरारी नव्हती. शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन गाडीच्या सांगाड्यावर फेरारीच्या घाटाचे कवच चढवून ती बनविली होती. खऱ्या फेरारी कंपनीस हे रुचले नाही व प्रकरण कायद्याच्या वाटेने गेले. १९८६ मध्ये मालिकेतच ती गाडी स्फोटात उडवून देण्यात आली, आणि त्यानंतर कंपनीने आपल्या दोन खऱ्या टेस्टारोसा गाड्या पुरविल्या. रात्रीच्या चित्रणात काळा रंग उठून दिसत नाही, म्हणून त्यांस पांढरा रंग दिला गेला.

दुसरी गाडी लेफ्टनंट कोलंबो यांची. पीटर फॉक यांनी ही भूमिका प्रथम १९६८ मध्ये केली आणि शेवटची २००३ मध्ये. गबाळा रेनकोट, हातात सिगार, आणि फ्रेंच बनावटीची प्यूजो ४०३ ही कापडी टपाची मोटार. रंग फिका करडा, अंगावर पोचे नि ओरखडे, टप कळकट. स्टुडिओच्या आवारातून ही गाडी आपण स्वतः निवडली, असे फॉक सांगत असत. या मालिकेत खुनी कोण, हे प्रेक्षकांस प्रथमपासून ठाऊक असते. तो बहुधा श्रीमंत, विद्वान व प्रतिष्ठित असतो. त्या गाडीकडे व त्या कोटाकडे पाहून तो कोलंबो यांस वेंधळा समजतो, आणि त्या समजुतीतच हळूहळू अडकत जातो. आता यातील मर्म ऐका. प्यूजो ४०३ ची ही उघडी गाडी १९५६ ते १९६१ या काळात सारी मिळून सुमारे दोन हजारच बनली. म्हणजे जी भंगार दिसत होती ती अस्सल आणि दुर्मिळ होती, आणि जी लखलखत होती ती वेषांतर केलेली कॉर्व्हेट होती!

आमच्या नातवाने कोलंबो यांची गाडी करावयास घेतली, तेव्हा १:४३ प्रमाणाची धातूची तयार प्रतिकृती आणिली. लांबी सुमारे दहा सेंटिमीटर, म्हणजे दोन आगपेट्या एकापुढे एक ठेविल्या तेवढी. नवी कोरी, गुळगुळीत, आरशासारखी. त्याने तिचा रंग उतरविला, बारीक कानशीने मडगार्डावर पोचे पाडले, फिका करडा रंग दिला, पातळ केलेला काळपट रंग फटींत सोडून वरचा पुसून घेतला, आणि स्पंजाच्या तुकड्याने कडांवर गंजाचे ठिपके उठविले. हे पाहून त्याच्या आजीस राहवले नाही. “अरे, चांगली सोन्यासारखी गाडी, तिची अशी दशा का करतोस?” तो म्हणाला, “आजी, चकचकीत ठेवली तर ती गाडी होईल. पण त्याची गाडी होणार नाही.” आजीने यावर थोडा विचार केला व विचारले, “मग पोचा डाव्या अंगास का पाडलास? उजव्या का नाही?” तेव्हा त्याने चलच्चित्र थांबवून थांबवून काढलेली टिपणांची वही पुढे केली. कोणत्या प्रसंगात कोणती बाजू दिसते, पाटीवर ०४४ एपीडी हीच अक्षरे आहेत की काय, टप कोठे चुरगळला आहे, सारे त्यात लिहिलेले. एका बाजूच्या चौकटीत मात्र त्याने नुसते ‘दिसत नाही’ असे लिहिले होते. तेथे त्याने एकही ओरखडा मनाने ओढला नाही.

ते दोन शब्द आम्हांस फार मोलाचे वाटतात. पाहिले तेवढेच सांगावे, न पाहिलेले रंगवून सांगू नये, हे न्यायसभेतील साक्षीदाराचे ब्रीद आहे. ते चारुदत्ताच्या न्यायसभेत पाळले गेले असते, तर एका सज्जनास सुळाची वाट धरावी लागली नसती.

आमच्या जुन्या शास्त्रकारांनीही प्रतिकृतीचा विचार केला आहे. रंगमंचावरील नटास आपण राम समजतो ते कसे, याची चर्चा करताना श्रीशंकुकाने चित्रातील घोड्याचा दृष्टांत दिला. भिंतीवरील घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ असे म्हणतो. ते खरे ज्ञान नव्हे, खोटेही नव्हे, संशय नव्हे, की नुसते साम्याचे ज्ञानही नव्हे; ती एक निराळीच प्रतीती होय. टेबलावरील दहा सेंटिमीटरची गाडी पाहून ‘ही कोलंबोची गाडी’ असे जे आपण म्हणतो, ते याच जातीचे. मात्र या दृष्टांतास मायामीच्या गाडीने एक नवीन गाठ मारिली आहे. कोणी अत्यंत प्रामाणिकपणे खऱ्या फेरारी डेटोनाची प्रतिकृती केली, तर मालिकेतील गाडीची प्रतिकृती म्हणून ती चुकीची ठरेल; कारण मूळच बनावट होते. खोट्याचे खरे चित्र काढावयाचे तर ते खोटे कोठे आहे, हे आधी ओळखावे लागते. कवच कोणाचे, सांगाडा कोणाचा, हे विचारल्यावाचून त्या मुलाचा ब्रश पुढे सरकत नाही.

आम्हां शिकलेल्या घरांस या शिक्षणाची आवश्यकता नाही, असे कोणी म्हणेल काय? दाराशी आलेल्या पाहुण्याची मोटार पाहून पाटावर कोण बसणार आणि ओटीवर कोण थांबणार, हे आपल्यापैकी कित्येक घरांत न बोलता ठरते. मुलीचे स्थळ, भाडेकरू, शिकवणीचे मास्तर, सर्वांची पारख प्रथम बाह्य झिलईवरून होते. कोलंबो यांच्या समोरचा सुशिक्षित गुन्हेगार नेमका तेथेच ठेच खातो. ज्या मुलाने आठवडेच्या आठवडे एका गबाळ्या गाडीचे पोचे आदराने न्याहाळले, त्याच्या हातून माणसांच्या बाबतीत ही चूक होण्याचा संभव थोडा तरी कमी, असे आम्हांस वाटते.

याने परीक्षेत गुण वाढतील, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बारावीचे वर्ष हे बारावीचे वर्ष. त्या वडिलांची चिंता रास्त आहे. छंदास काळाची मर्यादा हवी, खर्चासही हवी. रंगाचा व चिकटद्रवाचा वास कोंडू नये म्हणून काम उघड्या खिडकीपाशी व्हावे, आणि धारदार पाते काम संपताच डबीत जावे, म्हणजे लहान भावंडांच्या हाती लागणार नाही. परंतु मर्यादा घालणे निराळे आणि माळ्यावर टाकणे निराळे. पहिल्याने मुलगा शिस्त शिकतो. दुसऱ्याने तो एवढेच शिकतो की, आपण ज्यावर जीव लाविला ते घरात कोणी नीट पाहिलेसुद्धा नाही.

म्हणून त्या भगिनींस आमचे सांगणे असे. कोणाचीच बाजू घेऊ नका. येत्या रविवारी पेटी खाली काढावयाची ती मुलाच्या वडिलांच्याच हातून काढवा. आठवड्यातून दोन तास ठरवून द्या, आणि परीक्षेच्या आधीचे दोन महिने त्याने स्वतःच्या हाताने पेटी बंद करावी, असे त्याच्याकडून कबूल करून घ्या. त्यातील एखादी गाडी वडिलांनी हाती घ्यावी. किंमत विचारू नये, उपयोग विचारू नये. एखाद्या ओरखड्यावर बोट ठेवून इतकेच विचारावे, ‘हा येथे होता, हे तुला कसे कळले?’ मग त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये.