आंबेगाव पाण्याखाली, जबाब कपाटात




तालुक्याचे नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावात आणि खुद्द जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, त्यामुळे हा मान योग्यच. पण घोड नदीच्या खोऱ्यात जंगलावर जगलेल्या माणसांचा इतिहास कुठे ठेवला आहे, असे कोणी विचारले तर बोट दाखवायला जागा नाही.

शेजारच्या जुन्नरला इतिहासाची वाण नाही. शिवनेरी आहे, नाणेघाट आहे, डोंगरोडोंगरी लेणी आहेत. त्या लेण्यांतल्या एका ब्राह्मी लेखात वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीची नोंद आहे, तर दुसऱ्या एका लेखात करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी दिलेल्या जमिनीची. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे वेळूकाम करणारे दगडावर टिकले. आजच्या हिरडा वेचणाऱ्या महादेव कोळ्यांचे काम मात्र वहीतही उतरलेले दिसत नाही.

हे काम साधे नाही. उन्हाळ्यात कोवळी फळे काढायची, उन्हात वाळवून काळी करायची, मग तो बाळहिरडा विकायचा. पश्चिम पट्ट्यातल्या अनेक घरांचा रोख पैसा यातूनच येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे आडवी केली, तेव्हा भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना मोर्चे काढावे लागले. कोणत्या वाडीत किती झाडे, ती कोणाच्या वहिवाटीतली, हंगामात किती माल निघतो, याच्या जुन्या नोंदी गावाच्या हाती असत्या तर त्यांची बाजू कितीतरी भक्कम झाली असती.

असा इतिहास गोळा करण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत पुरावा म्हणून दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात. घरे, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांच्या खुणा चालतात, वंशावळही चालते. ग्रामसभा हे सारे जमवते, दावा वरच्या समितीकडे जातो, निकाल लागतो आणि फाइल कपाटात बंद होते. ज्या म्हाताऱ्याने जबाब दिला तो जातो. त्याच्या नातवाला त्या कागदाची प्रतही दिसत नाही.

कोणी म्हणेल, पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिचे संग्रहालयही आहे, मग आणखी खटाटोप कशाला? संग्रहालयात जमातीची भांडी, दागिने, वाद्ये पाहायला मिळतात. वाडीची, झाडाची, कुटुंबाची हकिगत वाडीतच गोळा करावी लागते. जांभोरीच्या होनाजी केंगल्यांनी १८७० च्या दशकात सावकारांविरुद्ध बंड केले. त्यांची गोष्ट इंग्रजांच्या दप्तरातून वाचायची की त्यांच्या मुलखातल्या माणसांकडून ऐकायची, हाही प्रश्न आहेच.

वाडीत गोळा करायच्या या नोंदींत गोडवेच गायले जाऊ नयेत. राखलेल्या देवरायांबरोबर कंत्राटदाराच्या मजुरीवर तोडलेली झाडे आणि पाडलेला कोळसाही लिहावा. पडकईत एकमेकांच्या शेतावर राबलेले हात लिहावेत, त्या कामावरून झालेली भांडणेही लिहावीत.

उशीर किती महागात पडतो, हे माळीण गावाने दाखवले आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. नवे गाव बांधता आले. त्या माणसांना ठाऊक असलेल्या वाटा, पाणवठे, शिवारांची नावे परत आणता आली नाहीत.

म्हणून मागणी अशी आहे. निकाली निघालेल्या वनहक्क दाव्यांतले जबाब, नकाशे आणि वंशावळी यांच्या प्रती ग्रामसभेच्या संमतीने घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने त्या त्या ग्रामपंचायतीला द्याव्यात. जुन्नर आणि आंबेगावच्या महाविद्यालयांनी हिरड्याच्या हंगामात विद्यार्थ्यांना वाड्यांवर पाठवून वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. आणि सुरुवात डिंभ्यात बुडालेल्या गावांपासून व्हावी, कारण ती गावे पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत.

आपला,
एक वाचक, घोडेगाव