‘पुढच्या बुधवारी या’: तालुक्यातली ऑपरेशनं का लांबतात?

हर्निया, मोतीबिंदू, हायड्रोसील, गर्भपिशवीची गाठ. यातलं सहसा काहीच आज रात्री जीव घेणारं नसतं, म्हणूनच ही ऑपरेशनं मागे पडतात. सरकारी भाषेत ही ‘नियोजित शस्त्रक्रिया’, गावाच्या भाषेत ‘पुढच्या बुधवारी या’. पण हर्निया असलेल्या माणसाला पोतं उचलता येत नाही आणि मोतीबिंदू पिकलेल्या आजीला चुलीपुढे नीट दिसत नाही. हर्निया अडकला तर तेच ऑपरेशन रात्री-अपरात्री करावं लागतं, धोकाही वाढतो.

ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचं, उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचं. पण नुसत्या खाटेवर ऑपरेशन होत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, चालू थिएटर आणि गरज पडल्यास रक्त, हे सगळं एकाच दिवशी जुळावं लागतं. एका तालुक्यात सर्जन आहे तर भूलतज्ज्ञ नाही, शेजारच्या तालुक्यात थिएटर आहे तर सर्जन नाही. त्यात सिझेरियन आलं की थिएटर आधी तिकडे, आणि ते बरोबरच आहे. पण सकाळपासून उपाशी बसलेला हर्नियाचा रुग्ण तसाच घरी परततो. त्या दिवसाची मजुरी बुडते, सोबत आलेल्याचीही.

कारभारही वाटलेला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. रुग्ण एकच, पण रजिस्टर तीन.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या काही शस्त्रक्रिया तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. म्हणजे पैशाची अडचण कमी झाली, पण तारखेची तशीच राहिली. तारीख लागली नाही की माणूस उसनवारी करून खासगीत जातो. मग मोफत उपचाराचा उपयोग काय?

रांग फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०२३ च्या सप्टेंबरमध्ये प्रतीक्षा यादी सुमारे ७७ लाखांवर गेली होती. तिथे ९२ टक्के रुग्णांना १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत असं उद्दिष्ट आहे, पण गेली कित्येक वर्षं ते गाठता आलेलं नाही. तरी त्यांच्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, डॉक्टरने पुढे पाठवलं त्या दिवसापासून वाट पाहणं मोजलं जातं. दुसरी, शेजारची रुग्णालयं एकमेकांचे रुग्ण घेतात आणि नियोजित ऑपरेशनसाठी वेगळी केंद्रं ठेवतात, म्हणजे तातडीचा रुग्ण आला तरी त्या तारखा सहसा मोडत नाहीत.

आपल्याकडे सुरुवात छोटी करता येईल. तीन-चार तालुक्यांची एकच यादी. रक्त-लघवी, ईसीजी, बीपी-शुगरची तपासणी आपल्याच ग्रामीण रुग्णालयात. ऑपरेशन उपजिल्हा रुग्णालयात, ठरलेल्या वारी. त्या दिवशी भूलतज्ज्ञ तिथेच, आणि तातडीच्या रुग्णासाठी दुसरी सोय. टाके काढायला पुन्हा जवळचंच रुग्णालय. पेरणी आणि काढणीच्या दिवसांत कोणी येत नाही, त्यामुळे जास्तीचे दिवस उन्हाळ्यात ठेवावे लागतील.

अडचण दोन ठिकाणी येईल. पन्नास किलोमीटरवर जायला गाडी नसेल तर म्हातारं माणूस यादीत असूनही जाणार नाही. आणि यादी सगळ्यांची झाली की ती कुणाचीच राहत नाही. म्हणून तिची जबाबदारी एकाच अधिकाऱ्यावर हवी, नावानिशी.

आज कोणत्या तालुक्यात किती जण, किती महिने थांबलेत, हे एका ठिकाणी दिसत नाही. आधी तेवढं मोजलं गेलं पाहिजे. मोजल्याशिवाय रांग दिसत नाही, आणि न दिसणारी रांग कमी करण्याची घाई कुणालाच नसते.