मुंबई केंद्राच्या हवाली?

मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात द्यावी, ही आवई अद्याप मेलेली नाही. २०२१ च्या जानेवारीत कर्नाटकाचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री लक्ष्मण सवदी यांनी ती पुन्हा उठवली. बेळगावचा वाद घालता घालता मुंबईच मागावी, हे धाडस खरे! पण हसून सोडण्याजोगी ही गोष्ट नव्हे. १९५६ च्या १६ जानेवारीस पंतप्रधान नेहरूंनी हेच जाहीर केले होते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लढ्यात शंभरावर माणसांनी प्राण दिले.

तेव्हा शेटजींचे म्हणणे असे की, मुंबई आमच्या भांडवलावर उभी आहे. आम्ही विचारतो, भांडवल कशावर वाढले? १८७० साली खामगावास रेल्वेचा फाटा आला, तो आमच्या कुणब्याला मुंबई दाखवायला नव्हे; वऱ्हाडचा कापूस बंदरावर न्यायला आला. कापूस आमचा, गिरणीतला घाम कोकणच्या नि घाटावरच्या गरिबाचा. त्याला आठवड्याची सुटीदेखील मालकांनी आपण होऊन दिली नाही. ती १८९० साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवली.

वेगळ्या प्रदेशाचे सुख पाहायचे तर दिल्लीकडे पाहा. राजधानी साऱ्या देशाची, म्हणून ती निराळी, असे सांगतात. तिला १९५२ साली विधानसभा दिली, १९५६ साली काढून घेतली. १९९१ च्या घटनादुरुस्तीने पुन्हा दिली, तरी पोलीस नि जमीन केंद्राकडेच. २०२३ च्या मेमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांवरचा ताबा लोकनियुक्त सरकारचा ठरवला, तर आठ दिवसांत वटहुकूम निघाला. ऑगस्टात कायदा झाला आणि बदल्या-नेमणुकांत उपराज्यपालांचा शब्द अखेरचा झाला. मत देऊन ज्याला हलवता येत नाही, असा धनी आमच्या बापजाद्यांनी पुष्कळ सोसला आहे.

बाबासाहेबांनीही १९५५ साली मुंबई वेगळी सुचवली होती, असे कोणी तोंडावर फेकील. त्यांनी राज्य सुचवले होते, दिल्लीचा सुभा नव्हे.

वऱ्हाडी माणूस म्हणेल, मुंबईने आमचे काय भले केले? १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर. ती गेली, आणि १९५३ च्या नागपूर करारातले पुष्कळसे कागदावरच राहिले. खरे आहे. तो हिशेब आम्ही सोडलेला नाही. पण हिशेब मागायचा तर तिजोरी आपल्या राज्यात पाहिजे. मुंबईचा कर दिल्लीस गेल्यावर आमच्या शाळेचे छप्पर कोणाच्या दारात मागावे? मंत्र्याच्या पक्षाला पाच वर्षांनी मतांसाठी मेहकरास यावे लागते. उपराज्यपालास येथे काय काम?