पिसं धुतली, पाणी कुठं गेलं?

लेक शिकायला परदेशी निघाली की आपल्याकडे दोन खरेद्या हमखास होतात. एक छोटा प्रेशर कुकर आणि दुसरं पिसांचं जाकीट. लेह-मनालीच्या सहलीसाठीही हल्ली तेच घेतलं जातं. वजनाला हलकं, उबेला पक्कं! दुकानदार लेबल दाखवतो, आपण हात फिरवून बघतो, चार पैसे कमी करून घेतो. पण मैत्रिणींनो, ही पिसं धुतली कशी आणि ते पाणी गेलं कुठं, हे आपण कधी विचारतो का?

जाकिटात भरतात ती बदकांच्या आणि पाळीव हंसांच्या पिसांखालची मऊ लव. मांसासाठी कापलेल्या पक्ष्यांची ही पिसं. त्यांचा सर्वांत मोठा उत्पादक चीन. कारखान्यात येतात तेव्हा त्यांना धूळ, रक्त, विष्ठा, चरबी असं सगळं चिकटलेलं असतं. मग मोठ्या यंत्रात साबण घालून धुवायची, पुन्हा पुन्हा खळबळायची, पिळायची आणि वाफेवर वाळवायची. उरलेल्या पाण्यात फेस, चरबी आणि बारीक तंतू. हे पाणी तसंच नदीत सोडलं, तर त्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात.

गंमत म्हणजे, पिसं स्वच्छ झाली की नाही हे ठरवतात पाण्यावरूनच! धुतलेली थोडी पिसं शुद्ध पाण्यात घुसळतात, ते पाणी गाळून काचेच्या नळीत भरतात आणि तळाची खूण किती खोलवरून दिसते ते मोजतात. या शेवटच्या पाण्याची एवढी तपासणी! आणि त्याआधीच्या सगळ्या गढूळ पाण्याबद्दल लेबलवर सहसा एक अक्षरही नसतं.

खरं तर यावरचा उपाय आपल्याला नवा नाही. शेवटच्या खळबळीचं पाणी पुढच्या कपड्यांना पहिल्या धुण्याला घ्यायचं, हे पाणीटंचाईच्या गावातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. कारखान्यालाही हेच करता येतं. बाकीचं पाणी जाळीतून गाळायचं, तुरटीसारख्या पदार्थानं गाळ धरायचा, हवेच्या बुडबुड्यांनी चरबी वर आणून काढायची, जिवाणूंकडून उरलीसुरली घाण खाववायची, पुन्हा गाळून निर्जंतुक करायचं की ते परत धुण्याला वापरता येतं.

‘खर्च कोण करणार?’ असं कारखानदार म्हणतील. तिरुपूरचं उदाहरण बघा. आपले टी-शर्ट जिथं शिवले जातात, तिथल्या कपडे रंगवणाऱ्या कारखान्यांनी नोय्यल नदीची गटारगंगा केली. शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ७००हून अधिक कारखाने बंद करायला लावले. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, ही अट पाळा आणि मगच चालू करा, असं बजावलं. कामगारांचे हाल झाले, पण नंतर त्याच गावात पाणीच काय, रंगाईचं मीठसुद्धा परत मिळवून वापरू लागले. म्हणजे जमत नव्हतं असं नाही, नदी नासेपर्यंत कुणी भाग पाडलं नव्हतं, इतकंच.

न्यायालयाचा बडगा उगारला जाईपर्यंत वाट का बघायची? गिऱ्हाईक म्हणून आपणही विचारू शकतो. जाकिटावर पिसांची टक्केवारी छापता, तशी धुण्याचं किती पाणी परत वापरलं, तीही छापा. घरी बादलीभर पाण्याचा हिशेब आपण ठेवतोच की! मग हजारो रुपये मोजून घेतलेल्या वस्तूच्या पाण्याचा हिशेब मागायला संकोच कशाला? आणि एक जाकीट दहा वर्षं नीट वापरलं, धाकटीला दिलं, तर तेवढं पाणी आपोआपच वाचतं. ऊब हवीच, पण ती दुसऱ्या कुणाच्या गावची नदी नासवून नको.